निवडीची बादली

बियाणं कंपनीच्या तपासनीसाने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळाचे मूठभर दाणे वर काढले आणि नाकाशी नेले. तीच मूठ त्याने घरच्या मालकापुढे धरली. मालकाने वास घेतला आणि मान खाली घातली.

"शेडचा पत्रा कधी उडाला?"

"मंगळवारी. वारा सुटला होता. पाणी आत येत राहिलं, आम्हाला सकाळी कळलं."

"खायचा घेवडा असता तर मी काही म्हटलं नसतं. हे बियाणं आहे," तपासनीस म्हणाला. "एक बुरशीचा दाणा शेजारच्या दहांना घेऊन बुडतो. सगळी पोती ओता, वाळवा, दाणा न् दाणा हाताखालून घाला. पुढच्या शनिवारी येतो. तेव्हाही हाताला असा वास लागला तर माल परत. आणि पुढच्या हंगामाला बियाणं लावायचं काम दुसऱ्या घरी."

जाताना त्याने हात धुवायला पाणी मागितलं. मालकाच्या बायकोने, घरच्या सूनबाईने, तांब्याने ओतलं. त्याने साबण लावून हात धुतले, वास घेतला, पुन्हा साबण लावला. आपल्या घरच्या दाण्याचा वास कोणी दोनदा धुऊन काढतो आणि आपण त्याच्या हातावर पाणी घालतो, हे तिला फार लागलं. पण ती पाणी घालत राहिली.

त्या घरात घेवड्याचं बियाणं तीन पिढ्या होत आलं होतं. शेडच्या उत्तरेच्या खिडकीखाली उतरतं लाकडी टेबल होतं. त्यावर काळं कापड अंथरायचं, कापडावर पांढरे दाणे एकेरी पसरायचे आणि उजेडात बघायचं. जो डागाळलेला, सुरकुतलेला, फुटका, तो चिमटीत उचलून दोन पायांमधल्या बादलीत टाकायचा. राहिलेले हाताच्या कडेने सरकवून पोत्यात लोटायचे. बादलीत पडलेल्या मालाला घरात सगळे 'निवड' म्हणत. "निवड किती निघाली?" "निवड भरली, ओतून ये." एरवी ती खताच्या खड्ड्यात जायची. यंदा बुरशी होती, म्हणून सासूबाईंनी शेडमागे पत्र्याचं पिंप मांडलं. रोज दिवस मावळायच्या आधी निवड त्यात जाळायची. दाणे फुटताना तडतड आवाज येई आणि वारा फिरला की धूर सरळ स्वयंपाकघरात.

सासूबाईंची बोटं जाड, नखं तुटलेली, पण दाण्यावर अशी पडत की चिमणीनं चोच मारावी. त्यांच्या तीन बादल्या होईपर्यंत सूनबाईची जेमतेम एक. सूनबाई शहरातून आलेली, वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झालेली. कॉलेजात तिने घेवड्याच्या दाण्याचा उभा छेद काढून दाखवला होता आणि वर्गात तो फिरवला गेला होता. इथे त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"सूनबाई, दाण्याशी गप्पा मारू नकोस. उचल आणि टाक," सासूबाई म्हणत.

"बघते हो नीट. चांगला जायला नको."

"चांगला गेला तर एकच गेला. वाईट राहिला तर पोतं गेलं."

सूनबाईचं खरं कौशल्य काळजी करण्यात होतं, आणि त्यात मात्र ती सासूबाईंना तीन बादल्यांनी मागे टाकत असे. मुलींना ताप नसला तर तो का नाही, याची तिला काळजी वाटे. मुली दोन, जुळ्या, सात वर्षांच्या. नऊ मिनिटं आधी आली ती थोरली, नंतर आली ती धाकटी. घरात त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्या दोघी चर्चमधल्या मुलांच्या वर्गातून घरी आल्या, आणि दुपारी धाकटीने उकडलेलं अंडं न फोडताच परत वाटीत ठेवलं.

"काय गं, पोट दुखतंय?"

"नाही."

"मग खा की."

धाकटीने मान हलवली. शेजारी बसलेल्या थोरलीने आपल्या डाव्या हातात तिच्या फ्रॉकचं टोक धरलं होतं आणि उजव्या हाताने ती जेवत होती. सूनबाईने मनात घास मोजले. थोरलीचे अकरा. धाकटीचे तीन.

रात्री दूध गेलं, तेही अर्धंच.

सोमवारी मुलींना शाळेतून आल्यावर टेबलाशी बसवलं. एरवी त्यांना कामाला लावत नसत, पण आता हातात पाच दिवस आणि समोर चाळीस पोती होती. नवरा बाहेर ताडपत्रीवर दाणे फावड्याने पसरत होता, वर ढग दिसला की सगळं ओढून गोळा करत होता, ढग गेला की पुन्हा पसरत होता. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. सासूबाई तिसऱ्या बादलीवर होत्या. धाकटी समोरच्या दाण्यांकडे नुसती बघत होती, उचलत एकही नव्हती. आणि थोरलीने काळ्या कापडावरून एक डागाळलेला दाणा उचलला, बादलीवर धरला, आणि टाकायच्या ऐवजी आईला विचारलं,

"आई, देव माणसांना पोटात असतानाच निवडतो का?"

सूनबाईचा हात थांबला.

हा प्रश्न ती ओळखून होती. तेरा वर्षांची असताना तिने तो स्वतः विचारला होता. चर्चमध्ये शिकवणाऱ्या एका गृहस्थांना तिने विचारलं होतं, मी निवडलेली आहे की नाही हे मला कळणार कसं? त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "ज्याला असा प्रश्न पडतो त्याने सांभाळून राहावं." त्या एका वाक्यावर तिने दोन वर्षं घालवली होती. अंथरुणात पडल्यापडल्या दिवसभराची पापं मोजायची, आणि एखादं विसरलं तर उठून बसायचं. कॉलेजात गेल्यावर कधीतरी ते सुटलं, म्हणजे संपलं नाही, मागे पडलं. मुली झाल्या तेव्हा तिने मनाशी पक्कं केलं होतं, काही झालं तरी ही दोन वर्षं ह्यांच्या वाट्याला येऊ द्यायची नाहीत.

आणि आता प्रश्न समोर होता, आणि हातात दाणे.

"हो," ती घाईघाईने म्हणाली. "तसं पवित्र शास्त्रात आहे. पण तू काळजी करू नकोस हं. देवानं तुलाही निवडलंय."

थोरलीचा चेहरा पांढरा पडला. "मलाही?"

"हो तर."

"आणि हिला?"

"हिला तर निवडलंच आहे. तुम्हा दोघींनाही."

थोरलीने बहिणीकडे पाहिलं. "एकदमच?"

"एकदमच. तुम्ही जुळ्या नाही का!"

थोरलीने मान डोलावली. हातातला दाणा तिने बादलीत न टाकता कापडाखाली सरकवला आणि धाकटीच्या जवळ सरकून बसली. सूनबाईला वाटलं, जमलं. आपल्याला सांगायला जे माणूस मिळालं नाही, ते आपण ह्यांना मिळालो. त्या संध्याकाळी ती स्वतःवर थोडी खूशच होती. मग जेवायला बसल्यावर थोरलीनेही ताट मागे सारलं.

मंगळवारी सकाळी सूनबाईने बादली बाजूला ठेवली आणि सासूबाईंना म्हणाली, "मी तासाभरात येते."

"कुठे?"

"पाळकीणबाईंकडे. रविवारपासून मुली जेवत नाहीत. तिथंच काहीतरी झालंय."

सासूबाईंनी वर न बघता म्हटलं, "जा. पण भांडू नकोस. तिला ऐकायला कमी येतं, दोनदा भांडावं लागेल."

पाळकीणबाई म्हणजे चर्चच्या पाळकाची बायको. साठीची, लठ्ठ, मायाळू. रविवारी मुलांचा वर्ग त्याच घेत. अंगणात दोरीवर ओल्या चादरी टाकत होत्या. सूनबाईने चादरीचं दुसरं टोक धरलं आणि पिळता पिळता विचारलं, "रविवारी मुलांना काय शिकवलंत?"

"त्या जुळ्या भावांची गोष्ट. थोरला केसाळ, धाकटा नितळ. आईच्या पोटात होते, बरंवाईट काही केलेलं नव्हतं, तेव्हाच देवानं धाकट्याला निवडलं."

"बाई, जुळ्या मुलींपुढे जुळ्यांची गोष्ट?"

"काय?"

"जुळ्यांची गोष्ट! माझ्या मुलींपुढे!"

"पुस्तकात ह्या रविवारी तीच होती गं. मी काय पान उलटू?" पाळकीणबाई चिमटे तोंडात धरून बोलत होत्या. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "आणि फार छान झालं बघ. मी म्हटलं, आपल्यातही एक धाकटी आहे की! तिला बाकावर उभं केलं. म्हटलं, ही बघा देवानं निवडलेली मुलगी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! मला बाई भरूनच आलं. म्हटलं, देवाचा हात लागला पोरीला."

"आणि थोरली?"

"थोरली?" पाळकीणबाईंचा चिमटा हवेतच राहिला. "थोरली तिचा पाय धरून बसली होती. खाली ओढत होती. मला वाटलं, हिलाही वर चढायचंय."

सूनबाई परत निघाली तेव्हा तिच्या डोक्यात सगळं लख्ख बसलं होतं. धाकटी रडली ती बहिणीवाचून एकटी वर गेली म्हणून. आणि थोरली बिचारी सगळ्या वर्गासमोर नाकारली गेली. म्हणजे समजूत थोरलीची काढायला हवी, दुप्पट काढायला हवी. कॉलेजात शिकलेलं डोकं असं एकदा लख्ख झालं की त्याला थांबवणं कठीण. पुढचे दोन दिवस ती येताजाता थोरलीच्या केसांतून हात फिरवून म्हणू लागली, "माझी निवडलेली गं बाई!" वेणी घालताना म्हणाली. शाळेत सोडताना म्हणाली. बुधवारी संध्याकाळी तर शेडमागे पिंपातली निवड तडतडत होती, तेव्हा तिने दोघींना कुशीत घेतलं आणि म्हटलं, "किती नशीबवान आहात. देवानं तुम्हाला आधीच निवडून ठेवलंय."

धाकटीने अंगात हुडहुडी भरल्यासारखे दात वाजवले. सूनबाईने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. आता मात्र तिला खरीच भीती वाटली. ताप असता तर औषध तरी होतं.

"डॉक्टरकडे नेऊ या," ती नवऱ्याला म्हणाली.

"शनिवार होऊ दे," तो म्हणाला, आणि तिच्याकडे पाहिल्यावर लगेच म्हणाला, "बरं, उद्या नेऊ. उद्या दुपारी."

पण गुरुवारी दुपारी मुली टेबलाशी नव्हत्या.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग सासूबाईंनी मान वर केली. "पोरी कुठे गेल्या?"

सूनबाई उठली ती बादली लाथाडून. विहिरीवर लोखंडी झाकण होतं, तरी ती वाकून फटीतून आत बघून आली. गोठ्यात पाहिलं. रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. शेडमागे जायला तिचे पाय तयार होईनात, तरी गेली. पिंप थंड होतं, तळाशी कालची राख. "अहो!" तिने हाक मारली ती तिचीच तिला ओळखू आली नाही. नवरा फावडं टाकून धावत आला.

शेडच्या आतल्या भिंतीला, कोरड्या फळ्यांवर, निवडून झालेली पोती उभी लावली होती. त्यांच्या मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

शेवटच्या, अर्ध्या भरलेल्या पोत्यात धाकटी उभी होती. कमरेपर्यंत चांगल्या दाण्यांत रुतलेली, हात छातीशी घट्ट धरलेले. थोरली बाहेर उभी राहून दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड वर ओढून धरत होती. तिची बोटं सुतळीने लाल झाली होती.

"अरे! चांगल्या मालात पाय घालून उभ्या?" नवरा ओरडला. भीती उतरली की त्याला राग येई. "शनिवारी तो माणूस येतोय आणि तुम्ही... चल, बाहेर नीघ."

"नको," थोरली म्हणाली. "तिला इथंच राहू दे."

"अगं पण का?"

"इथले टाकत नाहीत."

सूनबाई गुडघ्यांवर बसली. तिला धाप लागली होती. "कोण टाकतंय तिला? बाळा, देवानं तर तिला निवडलं..."

"तू म्हणू नकोस तसं!" थोरली किंचाळली. "ती निवडलेली नाहीये! बाईंनी चुकून तिला बाकावर उभं केलं! आम्ही काही केलं नाही. पोटात असताना तर काहीच केलं नव्हतं." मग तिचा आवाज खाली आला. खूप विचार करून, सगळे हिशेब करून झाल्यावर माणूस शेवटचं मागतं तशी ती म्हणाली, "आणि टाकायचंच असेल तर एकाच बादलीत टाका. तूच म्हणालीस, एकदमच."

दारात सासूबाई उभ्या होत्या. घाईत येताना बादली हातातच राहिली होती. त्यांनी नातींकडे पाहिलं, मग हातातल्या बादलीकडे पाहिलं. बादली हळूच खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला.

"अगं सूनबाई," त्या म्हणाल्या, "ह्या पोरी चार दिवस माझ्या बादलीत बसल्यात!"

सूनबाईला मग कळलं. एकेक करून कळलं. तुलाही निवडलंय. दोघींनाही. एकदमच. आधीच निवडून ठेवलंय, आणि समोर पिंप तडतडतंय. तिने तोंडावर हात दाबला. हातामागून जो आवाज आला तो रडण्याचा होता, पण अर्ध्यावर त्याचं हसू झालं, आणि ते तिला आवरेना.

"आई हसतेय," धाकटी पोत्यातून म्हणाली. चार दिवसांत आपणहून बोललेले तिचे हे पहिले दोन शब्द.

"नाही गं, मी मूर्ख आहे," सूनबाई डोळे पुसत म्हणाली. "निवडणं म्हणजे टाकणं नव्हे गं माझ्या राण्यांनो!"

"निवडच तर टाकतात," थोरली म्हणाली. एवढं उघड असलेलं मोठ्यांना कसं कळत नाही, असा तिचा चेहरा होता.

"ते ह्या घरात," सासूबाई पुढे आल्या आणि पोत्याशेजारी फतकल मारून बसल्या. "आपलं वाईट काढून टाकायचं काम, म्हणून आपण टाकलेल्याला निवड म्हणतो. घराबाहेर जगात उलटं असतं. मी बाजारात जाते, शंभर कलिंगडं वाजवून बघते आणि एक निवडते. ते काय फेकून येते?"

"घरी आणतेस."

"मग?"

"मग कापतेस," धाकटी म्हणाली.

"ही माझ्यावर गेलीय," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "तू सांग हिला काहीतरी."

नवरा डोकं खाजवत उभा होता. "हे बघा," तो म्हणाला, "मी लग्नाला तुमच्या आईला निवडलं."

"तू कुठे निवडलीस? मी निवडली. तू तर मुंडी खाली घालून बसला होतास."

"बरं, आजीनं निवडली. मग टाकली का?"

थोरलीने आईकडे नीट पाहिलं. "अजून नाही," ती म्हणाली.

ह्यावर सगळेच हसले आणि थोरलीच्या हातातून पोत्याचं तोंड सुटलं. दाणे थोडे सांडले. कोणी ओरडलं नाही. पण धाकटी बाहेर आली नाही. ती दाण्यांत उभी राहून विचार करत होती, आणि सूनबाईला तिच्या कपाळावरची ती बारीक आठी ओळखीची वाटली.

"म्हणजे देवानं चांगले निवडले," धाकटी म्हणाली. "डाग नसलेले."

"नाही," सूनबाई म्हणाली. ह्या वेळी तिने घाई केली नाही. "आपण दाणा बघतो, मग उचलतो. देवानं बघायच्या आधीच घेतलं. बाईंनी तेच सांगितलं ना, पोटात होते, काही केलं नव्हतं? त्याचा अर्थ एवढाच की चांगले आहात म्हणून घेतलं नाही. घ्यायचं होतं म्हणून घेतलं. आता डाग पडला म्हणून परत टाकणार नाही, कारण डाग बघून घेतलंच नव्हतं."

"मी हिच्या वहीत रेघोट्या मारल्या होत्या."

"मला माहीत होतं!" थोरली म्हणाली.

"तरीही," सूनबाई म्हणाली.

"मग तो दुसरा भाऊ?" धाकटीने विचारलं. "ज्याला नाही घेतलं तो? त्याला पिंपात..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

चष्मा पुसणारे ते गृहस्थ सूनबाईला आठवले. उत्तर नसलं की माणूस चष्मा पुसतो किंवा समोरच्याला भीती घालतो. तिच्याकडे चष्मा नव्हता.

"सगळं मला माहीत नाही," ती म्हणाली. "देवानं कोणाला का आणि कसं घेतलं, ते मोठमोठ्या पंडितांनाही नीट सांगता आलेलं नाही, मी शोधून पाहिलंय. मी लहान होते तेव्हा मलाही ह्याची फार भीती वाटायची. तुझ्यासारखीच. पण त्या भावाचं काय झालं ते मला माहीत आहे. बाईंनी पुढचं सांगितलं का?"

"नाही. घंटा झाली."

"घंटा झाली!" सासूबाई म्हणाल्या. "अर्ध्या गोष्टीवर पोरांना घरी पाठवायचं म्हणजे... सांग सूनबाई, सांग तू."

"तो धाकटा थोरल्याला फसवून पळून गेला होता. पुष्कळ वर्षं दूर राहिला. मग घरी परत यायला निघाला, पण भीतीनं त्याला चालवेना. वाटलं, थोरला आता मारणार. पुढे बकऱ्या पाठवल्या, गाई पाठवल्या, उंट पाठवले, भावाचा राग जावा म्हणून. आणि लांबून थोरला येताना दिसला, चारशे माणसं घेऊन."

"मग?" दोघी एकदम म्हणाल्या.

"थोरला धावत आला. गळ्यात पडला, मुके घेतले, आणि दोघे रडले. बकऱ्या कशाला पाठवल्यास म्हणाला, माझ्याकडे भरपूर आहेत. तेव्हा तो धाकटा, तो निवडलेला, त्याला म्हणाला, तुझं तोंड दिसलं आणि मला देवाचं तोंड दिसल्यासारखं वाटलं."

"न निवडलेल्याचं तोंड?" थोरलीने विचारलं.

"हो. त्याचंच. आता ज्याच्या तोंडात देव दिसला, त्याला देवानं पिंपात टाकला असेल, असं मला तरी वाटत नाही. आणि येशूनं एक साफ सांगून ठेवलंय. जो माझ्याकडे येईल त्याला मी मुळीच बाहेर लोटणार नाही. तो कोण, कुठला, आधी की नंतर, काही विचारलं नाही. मला हे सगळं समजत नाही तेव्हा मी तेवढं धरून बसते."

हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हे आधी कधी धरून बसलो नव्हतो. आत्ता, बोलता बोलता धरलं. आणि ते हाताला लागलं होतं.

धाकटीने पोत्यातून दोन्ही हात वर केले. बापाने तिला काखेत धरून उचललं. पायांना चिकटलेले दाणे टपटप खाली पडले.

"भूक लागली," ती म्हणाली.

त्या दुपारी तिने दोन अंडी खाल्ली, तिसरं थोरलीबरोबर वाटून घेतलं, वर दूध आणि पाव. सूनबाईने घास मोजायला सुरुवात केली, पण नवव्यानंतर तिचा हिशेब चुकला आणि तिने तो तसाच सोडून दिला. ते अर्धं पोतं नवऱ्याने पुन्हा ओतलं, पुन्हा वाळवलं. "पायाचा वास लागला असेल," तो म्हणाला. "तपासनीसाला काय सांगू?"

सासूबाईंनी त्या दिवसापासून टाकलेल्या मालाला 'खराबा' म्हणायचं ठरवलं. सवय जात नव्हती. "निवड..." म्हणायच्या आणि जीभ चावायच्या. शुक्रवारी त्यांनी ती एकूण सतरा वेळा चावली. थोरली मोजत होती. पाळकीणबाईंना शुक्रवारीच निरोप गेला, उरलेली अर्धी गोष्ट ह्या रविवारी सांगाच, घंटा झाली तरी.

शनिवारी सकाळी शेवटचं पोतं शिवलं गेलं. सूनबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून आपोआप चिमटीत मिटत होती. चहाचा कप धरतानाही मिटत होती.

तपासनीस आला. त्याने स्वतःच पोती निवडली, पुढची सोडून मागची, वरची सोडून तळाची. एकात कोपरापर्यंत हात घातला. दुसऱ्यात घातला. नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, सासूबाई पदराला हात पुसत होत्या, कोरडेच हात.

तेवढ्यात अंगणातून आरोळी उठली.

"माझं आहे ते! सोड!"

"मी आधी बघितलं!"

"तू नेहमी आधीच बघतेस! नऊ मिनिटं आधी आलीस म्हणून काय झालं!"

"आई! हिनं माझे केस ओढले!"

"हिनं आधी ओढले!"

काहीतरी आपटलं. मग दोघींचं एकदम रडणं, आणि रडता रडता शिव्या, लहान मुलांना येतात तेवढ्या सगळ्या.

रविवारपासून सहा दिवस त्या एकमेकींशी एकदाही भांडल्या नव्हत्या. थोरलीने आपलं सगळं धाकटीला देऊन टाकलं होतं, धाकटीने काही मागितलंच नव्हतं. त्या शहाणपणाने सूनबाईच्या छातीवर केवढा दगड ठेवला होता, ते तिला आत्ता कळलं. ती खिडकीशी गेली. अंगणात दोघी धुळीत लोळत होत्या, एकमेकींच्या झिंज्या मुठीत धरून.

"थांबव त्यांना," नवरा कुजबुजला. "माणूस आलाय घरात."

तपासनीसाने मूठ नाकाशी नेली होती. त्याने वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मूठ पोत्यात मोकळी केली. "ठीक आहे," तो म्हणाला. "माल घेतो."

सासूबाईंनी डोळे मिटले. नवरा चौकटीवरून सरळ उभा राहिला आणि "चहा?" म्हणाला.

"बाई, तुमच्या मुली भांडतायत," तपासनीस सूनबाईला म्हणाला.

"हो," ती म्हणाली. तिने खिडकी थोडी आणखी उघडली. "भांडू द्या. अजून थोडा वेळ भांडू द्या."